वाढत्या हाताचं माप

आमच्या घरात कोणाच्या अंगाला बरोबर बसेल असं कापड कधी शिवलंच गेलं नाही. बाबा शिंप्याच्या दुकानात स्वतः उभे राहत आणि त्याची टेप आमच्या दंडाला लागली रे लागली की म्हणत, "सैल ठेवजो बे, वाढतं अंग हाय." बूट घ्यायचा तर पुढे कापूस कोंबता येईल एवढा. फ्रॉकची दुमड अशी, की उसवत उसवत दोन-तीन वर्षं निघावीत. मी शाळाभर बाह्या दुमडून फिरले. एखादा ड्रेस मला बरोबर यायला लागायचा तेव्हा तो विटून गेलेला असायचा आणि धाकट्या बहिणीच्या अंगावर चढायचा. तिलाही तो सैलच. बाबा मेहकरला एका कचेरीत कारकून. आपण फार शहाणे आहोत हे ते कोणी न विचारता सांगत.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

मी सासर सोडून परत आले तेव्हा बाबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मंग आता काय करतं?" मला टायपिंग येत होतं, कम्प्युटरचा कोर्स झाला होता. त्याच सुमारास गावाबाहेरच्या रस्त्यावर एका ठेकेदाराने हॉटेलला लागून गेमझोन काढला होता. त्याला सगळे शेठ म्हणत. मोठा महामार्ग झाला, आता त्यावरून जाणारे लोक आपल्याकडे खेळायला वळतील, अशी त्याची समजूत. लोक काही वळले नाहीत. पण तोवर त्याने पुण्यातला एक बंद पडलेला गेमझोन अख्खा उचलून आणला होता. बोलिंगच्या दोन पट्ट्या, बॉल, पिना, बॉलला भोकं पाडायचं मशीन आणि एक जुना कम्प्युटर, ज्यात बॉल-फिटिंगचं सॉफ्टवेअर होतं. त्यापुढे बसायला कोणीतरी पाहिजे होतं, आणि सर्वांत स्वस्त मी पडत होते.

ज्यांनी बोलिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जड गोळा असतो, त्याला तीन भोकं. अंगठा आणि दोन बोटं आत घालायची, हात मागे न्यायचा आणि गोळा गुळगुळीत पट्टीवरून सोडून पलीकडच्या दहा पिना पाडायच्या. सगळ्यांसाठी ठेवलेल्या बॉलमध्ये कोणाचाही हात कसाही जातो. पण ज्याला खरं खेळायचं, त्याचा बॉल त्याच्या हाताच्या मापाने भोकं पाडून घेतात. अंगठा किती जाड, बोटांपासून किती लांब, कुठे कललेला. हे मी मोजायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. त्याची चिठ्ठी छापून मागच्या खोलीत मिस्त्रीला द्यायची. त्याने भोकं पाडली की ती पुन्हा मोजून भरायची. हात आणि भोक जुळलं तर नावावर हिरवी पट्टी येते. नाही जुळलं तर लाल येते, आणि जुळत नाही तोवर ती लालच राहते.

कम्प्युटरमध्ये पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांचे हात तसेच राहून गेले होते. दुपारी पट्ट्या रिकाम्या असत तेव्हा मी ते वाचत बसे. कोणाचा हात डावरा, कोण्या बाईचा अंगठा अगदी बारीक. एखादा बॉल दुसऱ्याला गेला असेल तर नव्या मालकाचं नाव वर ठळक येतं आणि जुन्याचं खाली राखाडी अक्षरांत सरकतं. राखाडी नावं बघितली तर बहुतेक बायांची. त्यांनी बॉल का सोडला ते विचारायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

आमच्याकडे बॉल करून घ्यायला आले ते ठेकेदार, डॉक्टर आणि शेठला ज्यांची गरज होती असे लोक. माप देताना हात असा पुढे करत जसं काही मी मुका घेणार आहे. बॉलवर नाव कोरून घेत, घरी नेत आणि टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये गणपतीजवळ ठेवून देत. खेळायला परत कोणी येत नसे. सगळ्यांच्या नावावर हिरवी पट्टी होती.

खेळायची ती एकटी माझी बहीण. ती दुपारी माझा डबा घेऊन यायची. बारावी झाली होती, अठरा पूर्ण होती, घरात बसून होती. मी जेवेपर्यंत ती सगळ्यांसाठीचा एक बॉल उचलून टाकायला लागली. महिन्याभरात ती शेठच्या पाहुण्यांना हरवायला लागली. शेठने तिला सांगून ठेवलं, "मोठे लोक आले की मुद्दाम हारत जाय." ती हो म्हणायची आणि हरवायची. मला मनातून फार बरं वाटायचं. आमच्या घरातली ती एकच, जिने कोणाला हरवलं होतं.

मशीन दुरुस्त करायला पुण्याहून एक माणूस येत असे. त्याने तिचा खेळ पाहिला आणि सांगितलं, राज्याच्या टीमची निवड चाचणी पुण्याला आहे, हिला पाठवा, पण हिच्या मापाचा बॉल द्या. हा उसना बॉल हिला अडवतोय.

मी ते घरी सांगितलं. बाबांचे डोळे एकदम चमकले. ते कचेरीत बसून शिकलेले, त्यामुळे त्यांना खेळ दिसलाच नाही, सरळ नोकरी दिसली. म्हणाले, "हा खेळ आपल्याकडं कोनी खेळत नाई म्हंजे गर्दीच नाई. नंबर लागला तं होस्टेल, कॉलेज, आन् पुढं खेळाडूच्या जागंतून नोकरी." मग आईकडे बघत, "आन् नाई लागला तं जानेफळचं स्थळ हाय. त्याईले म्या अर्धं हो म्हनून ठेवलं."

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एवढं तिच्यासमोर सांगितलं गेलं. म्हणजे चाचणीत आली तर पुणं, नाही तर जानेफळ. त्या रात्री तिने भाकरी दोनदा करपवल्या आणि बाबांकडून शिव्या खाल्ल्या, पण चेहरा हसरा होता. तिला खात्री होती. मलाही होती, मी तिचा खेळ रोज बघत होते.

बाबांनी बॉल घेतला. घेतला म्हणजे उपकार केला, आणि ते उपकार त्यांनी गल्लीभर वाटले. माप द्यायच्या दिवशी ते स्वतः आले. वेगवेगळ्या आकाराची भोकं असलेला एक काळा ठोकळा असतो. मी बहिणीचा अंगठा एकेका भोकात घालून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अंगठ्याचं जरा सैल ठेवजो."

मी म्हटलं, "बाबा, बॉलचं तसं नसते. ढिलं झालं तं बॉल हातातून सुटते."

"वाढता हात हाय तिचा."

"वाढला तं वाढवून घेऊ. भोक मोठं केव्हाही करता येते. लहान करता येत नाई."

"म्हंजे पुन्हा खर्च. एकदाच घ्याचं आन् चार वर्षं चालवाचं. तू मले शिकवतं काय वं? लोकाईचं माप काढाले बसली. तुह्यं माप तं सासरच्याईनं काढून धाडलं."

शेठ काउंटरवर होता. तो हसला. मिस्त्रीही हसला. बहिणीने माझ्या हातातला ठोकळा हळूच ओढून घेतला आणि स्वतःच अंगठा घालून म्हणाली, "ताई, हेच बसते. लिही." मी लिहिलं. बरोबर माप भरलं, चिठ्ठी छापली आणि मिस्त्रीच्या हातात देऊन बजावलं, "काका, यात एक रेघ इकडंतिकडं नको." काका म्हणाले, "हाव नं बाई."

दुसऱ्या दिवशी मी जेवायला घरी गेले. बहीण कपड्यांना इस्त्री करत होती म्हणून डबा आला नव्हता. बाबा कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत तेवढ्यात गेमझोनवर जाऊन आले. मी बहिणीला बरोबर घेऊन परतले तेव्हा मिस्त्री भोकातला भुसा फुंकत होता. मला लांबूनच दिसलं. आपण रोज भाकरी करतो, तेव्हा तवा तापला की नाही हे काय हात लावून कळतं?

"काका, हे काय केलं?"

"तुमचे बाबा येऊन गेले. म्हनले, एक सूत ढिलं ठेवा. ठेवलं एक सूत."

सूत हे आमच्याकडे सुतार, लोहार, वेल्डर सगळ्यांचं माप. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. दाराच्या चौकटीत एक सूत म्हणजे काहीच नाही, पाऊस पडला की लाकूड फुगून तेवढं भरून काढतं. बाबांनी घराची दारं करून घेतली होती, तेवढीच त्यांची कारागिरी. बहिणीचा अंगठा त्या भोकात घातला आणि शेजारून मी पेनाची रिफिल सोडून बघितली. ती सहज आत गेली.

"चिठ्ठी कोणासाठी दिली होती मी? माझं का नाही ऐकलं?"

मिस्त्रीला मी ओरडतेय याचंच वाईट वाटलं. "पोरीचा बाप समोर उभा राहून सांगून राह्यला. त्याच्यापुढं तुमचं कसं ऐकू? उद्या त्यानं मले इचारलं असतं, बाप कोन, तू का थे कम्प्युटर?"

मी जाऊन पाडलेल्या भोकाचं माप सॉफ्टवेअरमध्ये भरलं, जसं होतं तसं. बहिणीच्या नावावर लाल पट्टी आली. शेठ म्हणाला, "ते लाल कायले ठेवतं? बरोबर माप टाक नं, हिरवं होते." मी म्हटलं, "हिरवं झालं म्हणजे भोक लहान होते का?" शेठ म्हणाला, लई बोलतं तू.

भोक लहान होत नसलं तरी बुजवून पुन्हा पाडता येतं, पण बुजवायचा मसाला पुण्याहून मागवावा लागतो, आणि चाचणी त्याच रविवारी. बाबांना सांगितलं. त्यांनी पेपरमधून डोकंही वर काढलं नाही. "लहानपनी बुटात कापूस घालून पळत नव्हत्या का तुम्ही? पयल्या आल्त्या नं?"

पहिली कोणीच आली नव्हती. मी तर त्या बुटात तोंडावर पडले होते. पण त्यांच्या आठवणीत आम्ही पहिल्या आलेल्या.

मग आम्ही दोघींनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापले, भोकात चिकटवले, वरून वायरिंगची काळी पट्टी लावली. तिने चार-पाच बॉल टाकून बघितले. बरे गेले. ती म्हणाली, "होते ताई, होते." मेहकरहून रात्रीच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. बॉल बाबांनी मांडीवर घेतला होता आणि शेजारच्या प्रत्येक प्रवाशाला ते तो काय आहे ते सांगत होते.

पुण्याच्या त्या हॉलमध्ये आमच्यासारखं कोणी नव्हतं. मुलींच्या मनगटाला पट्टे, पायांत वेगळे बूट, एकेकीकडे दोन-दोन बॉल. माझी बहीण "मले कोन्त्या पट्टीवर टाकाचं हाय?" असं विचारायला गेली तर टेबलावरची मुलगी शेजारणीकडे बघून ओठ दाबून हसली. बहिणीने ते पाहिलं. तिने नंतर कोणालाही काही विचारलं नाही.

पहिले काही बॉल तिने असे टाकले की ती टेबलवाली मुलगी मान वळवून बघायला लागली. मी बाबांकडे बघितलं. ते आजूबाजूला बघत होते, कोणी आपल्याकडे बघतंय का. मग तिच्या हाताला घाम आला. काळी पट्टी सुटायला लागली. तिने ती काढून पुन्हा चिकटवली, पुन्हा सुटली. ट्यूबचा तुकडा तिच्या अंगठ्याबरोबर बाहेर आला आणि चकचकीत फरशीवर पडला. मी धावत जाऊन म्हटलं, "तो ठेव, त्यांचा बॉल घे. ते चालते."

बाबा मागून आले. "काऊन? मंग हा कायले घेतला? लोकाईचं उष्टं खेळाले आलो का आपन?"

तिने आमचाच बॉल उचलला. हात मागे नेला आणि बॉल तिथेच सुटला. मागे पडला, धप्पकन. खुर्च्यांकडे घरंगळत गेला. आधी कोणी तरी किंचाळलं, मग सगळा हॉल हसला. हसणाऱ्यांत मुलींच्या आयाही होत्या. मला त्या प्रत्येकीच्या झिंज्या धराव्यात असं वाटलं. आजही वाटतं. एका सरांनी बॉल अडवला, आपला जाडजूड अंगठा भोकात घालून फिरवून बघितला आणि विचारलं, "हा कोणाच्या मापाचा बॉल आणलाय?"

बहीण म्हणाली, "माह्या."

त्यापुढे तिने अंगठा आतून ताणून, जोर देऊन बॉल धरला. प्रत्येक वेळी तिचे डोळे मिटत. शेवटी अंगठ्याचं पेर सुजून निळं झालं, पण भोक भरण्याइतकं काही सुजलं नाही. यादी लागली त्यात ती खालून दुसरी होती.

परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "हातात दमच नाई पोरीच्या. बॉल काय करन?" आणि डोक्यावर टॉवेल घेऊन झोपले. बहीण खिडकीशी होती. बाहेर बघतच म्हणाली, "ताई, तुह्या सॉफ्टवेअरले पयलेच माहीत होतं नं?"

"हाव."

"मंग त्यानं काय केलं?"

"लाल झालं."

ती हसली. एवढं वाईट हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

पंधरवड्यात जानेफळचे पाहुणे आले. बाबांनी त्याआधी बॉल धुऊन पुसून शोकेसमध्ये ठेवला होता. पाहुण्यांनी विचारण्याची वाट न बघता म्हणाले, "पोरगी स्टेट लेव्हलले खेळून आली आमची." खोटं म्हणता येणार नाही. मुलाच्या वडिलांना फार कौतुक वाटलं. मुलाने बॉल बाहेर काढून मागितला. त्यांची कृषी केंद्राची दुकानदारी, पोती उचललेला हात. त्याने भोकात अंगठा घातला आणि तो तिथे असा बसला की मी कपबशा घेऊन उभी होते ती उभीच राहिले. त्याने बॉल वर उचलला, खाली केला. अंगठा हलला नाही.

"अरे वा," तो म्हणाला. "हा तं माह्याच मापाचा हाय."

त्याची आई म्हणाली, जुळलं म्हणायचं. सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने. बहीण पोह्यांचा ट्रे धरून खाली बघत होती, तिचा अंगठा अजून काळानिळाच होता. पोहे खाता खाता लग्न ठरलं. बॉल तिच्या सामानाबरोबर गेला.

जावई वाईट नाही, हेही सांगून टाकते. मारत नाही, पीत नाही. अशा माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या.

आषाढात आखाडीच्या सणाला ती माहेरी आली तेव्हा तोही आला आणि दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन दोघं गेमझोनवर आले. जावयाला खेळायचं होतं. बॉल बरोबर आणला होता. त्याला काही येत नव्हतं, पण बॉल हातातून सुटत नव्हता. धडाधड टाकत होता. बहीण बाकावर बसून त्याचा मोबाईल आणि चपला सांभाळत होती. शेठ म्हणाला, "वहिनी, तुम्ही खेळा नं." ती म्हणाली, "नाई, बांगड्या हायेत."

खेळून झाल्यावर जावई काउंटरवर आला. "ताई, हे कम्प्युटरात माह्या नावावर करून द्या नं. बॉलवर नाव बी कोरून घेतो."

मी बहिणीचं नाव उघडलं. लाल पट्टी तशीच होती. वर एक सूचना आली होती. विशीच्या आतल्यांचा हात ठराविक काळाने पुन्हा मोजा, असं ते सॉफ्टवेअर स्वतःहून आठवण करून देतं. बाबांना जी काळजी होती तिची सोय त्यात आधीपासून केलेली होती. मी ठोकळा उचलला आणि बहिणीला म्हटलं, "ये इकडं." ती आली. बांगड्या मागे सारून तिने हात पुढे केला. अंगठा त्याच भोकात गेला. तेच माप. केसभरही फरक नाही.

"वाढला का वं?" बाबांनी विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "थोडासाही नाई."

मग मी जावयाचा अंगठा मोजला, मालकाच्या रकान्यात त्याचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. लाल पट्टी गेली. तिच्या जागी हिरवी आली. बाबा वाकून बघत होते. त्यांना त्या सॉफ्टवेअरमधलं एवढं एकच समजत होतं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "म्हनून म्या म्हनत होतो, सैल ठेवा. कोनाच्या तरी कामी येतेच."

जावई खुशीत मान हलवत होता. बहीण माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "ताई, माह्यं नाव कोठी गेलं मंग?"

मी बोट ठेवून दाखवलं. खाली, राखाडी अक्षरांत. तिने वाकून ते नीट वाचलं आणि मग जावयाच्या चपला त्याच्या पायापुढे ठेवल्या.